शिल्लक रजेचा धनी कोण?

कामापासून मिळणाऱ्या मोकळिकीसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : सुटी आणि रजा. बोलताना आपण ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांची कुळे भिन्न आहेत. सुटी या शब्दात सुटणे आहे. शाळा सुटते, गिरणी सुटते, तशी सुटी सर्वांना एकदमच लाभते. ती कोणाकडे मागावी लागत नाही. रजा हा शब्द मात्र अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा आहे. राजी, राजीखुशी, राजीनामा ही त्याची भावंडे. म्हणूनच सुटी असते आणि रजा मागावी लागते. घरी आलेला पाहुणासुद्धा निघताना यजमानाची ‘रजा घेतो’. कोणाच्या तरी संमतीवाचून रजा संभवत नाही, हे या शब्दाने आपल्या पोटात जपून ठेवले आहे.

पण आज कारखान्यात वा कचेरीत काम करणाऱ्या माणसाला रजा ही कोणाची मर्जी वाटत नाही, आणि तसे वाटू नये हेही योग्यच आहे. त्याच्या पगारपत्रकाच्या एका कोपऱ्यात ‘शिल्लक रजा’ अशी नोंद असते. बँकेच्या पासबुकातील शिल्लक पाहावी तशी ती तो पाहतो. सतरा दिवस, बावीस दिवस, दोनशे साठ दिवस! हा आकडा नेमका कोणाचा, असा प्रश्न मला विचारावासा वाटतो. मालकाने दिलेल्या कृपेचा तो हिशेब आहे काय? की कामगाराने घाम गाळून जमवलेल्या संपत्तीचा? वरवर पाहता हा मस्टर सांभाळणाऱ्या कारकुनाचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो न्यायाचा आणि शेजारधर्माचा प्रश्न आहे, असे दाखवण्याचा हा प्रयत्न.

रजा हक्काची झाली त्याला फार काळ लोटलेला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात वर्षाची रजा तर सोडाच, आठवड्याची सुटीही नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना उभी केली आणि रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. रविवार हा राज्यकर्त्यांचा प्रार्थनेचा दिवस होता, तसाच तो खंडोबाचाही वार होता. एकाच दिवशी दोन श्रद्धांना विसावा मिळाला. या घटनेला वर्ष पुरे होण्याच्या आत, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि त्यात रविवारचा विसावा हा कामगाराच्या प्रतिष्ठेशी निगडित असल्याचे सांगितले गेले. मुंबईतील फुले-अनुयायी कार्यकर्ता आणि रोममधील धर्मगुरू यांची ओळख असण्याचे काही कारण नव्हते. परंतु माणूस यंत्र नाही, हे दोघांनाही एकाच सुमारास स्पष्ट दिसले होते.

आठवड्याच्या विसाव्यानंतर वर्षाच्या विसाव्याची पाळी आली. १९३६ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने एक वर्षाच्या अखंड सेवेनंतर किमान सहा दिवसांची भरपगारी रजा द्यावी असा ठराव केला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्सने आपल्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये आपला कारखाने अधिनियम मंजूर झाला आणि डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या चोविसाव्या कलमात विसावा, फावला वेळ आणि ठराविक मुदतीने मिळणारी भरपगारी रजा यांना माणसाचा हक्क म्हटले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या श्रमविषयक परिपत्रकात रविवारच्या जोडीला वार्षिक रजेचाही उल्लेख कामगाराचा हक्क म्हणूनच केला. मर्जीचा शब्द हक्काचा होण्याची ही थोडक्यात कथा.

हक्क मान्य झाला की हिशेब आला. हा हिशेब दोन रीतींनी मांडता येतो आणि त्या दोन रीतींमागे माणसाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची रीत अशी : एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम करा, मग केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा तुम्हाला पुढील वर्षी मिळेल. म्हणजे यंदा पेरायचे आणि पुढल्या वर्षी कापायचे. २४० दिवस भरले तर बारा दिवसांची रजा. २३९ भरले तर काहीच नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अट सौम्य झाली. रीत तीच राहिली.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांची रीत निराळी आहे. १९८१ च्या रजा नियमांनुसार १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा अशी अर्जित रजा त्यांच्या खात्यावर आगाऊ जमा होते. नाव ‘अर्जित’, म्हणजे कमावलेली. पण ती कमावण्यापूर्वीच हाती येते! कारखान्याचा नियम पुरावा पाहून देतो, शासनाचा नियम विश्वासाने देतो. यंत्रावर उभे राहणाऱ्या माणसाने विश्वासाला पात्र असल्याचे आधी सिद्ध करावे आणि टेबलामागे बसणाऱ्याने ते गृहीत धरावे, हा भेद कोणत्या न्यायाने झाला? आपण त्याकडे भेद म्हणून पाहतच नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे.

तरीही या रुक्ष कायद्यात माणुसकीचे झरे आहेत. बाळंतपणाच्या रजेचे बारा आठवड्यांपर्यंतचे दिवस १९४८ च्या कायद्याने कामाचे दिवस म्हणून २४० मध्ये धरले. कामगाराला काम न देता घरी बसवले असेल तर ते दिवसही धरले. काही अनुपस्थिती उपस्थितीच्या तोलाची असते, हे कायद्याला कळले होते. घरातील आजारी सासूच्या उशाशी बसलेली सून किंवा वडिलांच्या अंत्यविधीनंतर आईजवळ आठ दिवस राहिलेला मुलगा यांची गैरहजेरी कोणत्या रकान्यात मांडायची, हे मात्र अद्याप कोणत्याही कायद्याला नीटसे सुचलेले नाही. तेथे अजून ‘मर्जी’च चालते.

आता तारखेचा प्रश्न घेऊ. रजेचे वर्ष कोणत्या दिवशी सुरू व्हावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. वर्ष काय, कोठूनही मोजले तरी बारा महिन्यांचेच. परंतु वर्षाला आरंभ दिला की त्याला शेवटही द्यावा लागतो, आणि शेवटाशीच सारी गर्दी होते. आपल्याकडे कारखान्यांना कायद्यानेच कॅलेंडर वर्ष नेमून दिले आहे. अनेक खाजगी कचेऱ्या मात्र हिशेबाच्या सोयीसाठी एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष रजेलाही लावतात. फ्रान्समध्ये रजा कमावण्याचे वर्ष परंपरेने १ जून ते ३१ मे असे मोजले जाते. म्हणजे या बाबतीत आभाळातून उतरलेली तारीख एकही नाही. प्रत्येक तारीख कोणीतरी निवडलेली आहे, आणि जे निवडलेले असते त्याचा जाब विचारता येतो.

जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष घ्या. डिसेंबर उजाडला की ज्यांची रजा बुडणार असते ते सारे एकदम जागे होतात. ‘माझे सहा दिवस लॅप्स होतील’ म्हणून कोणी महाबळेश्वरला जातो, कोणी घराला रंग काढतो, कोणी नुसताच घरी बसतो. त्याच महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी नाताळ असतो. वसईहून पहाटेची लोकल पकडून मुंबईस जाणाऱ्या आपल्या एखाद्या बांधवाला मध्यरात्रीच्या मिस्सानंतरचे चार दिवस घरात घालवायचे असतात. वर्षभर त्याने गणपतीत इतरांची कामे ओढलेली असतात, दिवाळीत खिडकी सांभाळलेली असते. पण डिसेंबरात त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचतो तेव्हा त्याखाली आधीच पाच अर्ज असतात. त्या पाचांपैकी कोणीही त्याचा शत्रू नाही. एका तारखेने सर्वांना एकाच अरुंद दारातून ढकलले आहे, एवढेच.

मग आर्थिक वर्ष बरे म्हणावे, तर तेथे दुसरीच गंमत आहे. ईस्टरचा सण चंद्राच्या गतीप्रमाणे मार्चअखेर ते एप्रिलअखेर मागेपुढे सरकतो. गुड फ्रायडे २०२३ साली ७ एप्रिलला आला, २०२४ साली २९ मार्चला आणि २०२५ साली १८ एप्रिलला. म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या रजेच्या वर्षात गुड फ्रायडे दोनदा आला आणि एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात तो आलाच नाही! ज्याने प्रभूच्या मरणाच्या दिवसासाठी दरवर्षी एक दिवस राखून ठेवायचा ठरवला असेल, त्याला एका वर्षी दोन दिवस काढावे लागले आणि दुसऱ्या वर्षी तो दिवस जणू पंचांगातून गळाला. शिवाय मार्चअखेर म्हणजे हिशेबनिसांचा लगीनघाईचा काळ; त्या आठवड्यात रजा मागणारा गुन्हेगारच ठरतो.

असे केवळ आपलेच होते असेही नाही. मुस्लिम बांधवांचे चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे २००० साली रमझान ईद जानेवारीतही आली आणि डिसेंबरातही. कॅलेंडर वर्षसुद्धा सर्वांना सारखे वागवत नाही. आषाढी एकादशीला पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याला किंवा भातलावणीसाठी कोकणात जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला विचारा. प्रत्येकाच्या काळजातील वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होते. कचेरीचे वर्ष मात्र एकच असणार, आणि ते तसे असावेही लागते. म्हणून प्रश्न अचूक तारीख शोधण्याचा उरत नाही. निवडलेल्या तारखेमुळे ज्याची अडचण होते त्याची बाकीच्यांनी दखल घेतली काय, हा खरा प्रश्न होय.

या बाबतीत महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम उल्लेखनीय आहे. त्याने वर्षाला आठ भरपगारी सणांच्या सुट्या सांगितल्या. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार नेमून दिल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत बोलून ठरवायच्या आहेत. ‘आपसांत बोलून’ ही तरतूद मला फार मोलाची वाटते. चार सुट्या आणि दहा सण. मतमोजणीने ठरवले तर जो एकटा आहे त्याचा सण कधीच निवडला जाणार नाही. बोलून ठरवले तर कदाचित निवडला जाईल, किंवा निदान ‘तुझ्या दिवशी तुझे काम मी पाहीन’ असे आश्वासन तरी मिळेल. बहुमत आणि बोलणे यांतील हे अंतर ज्या कचेरीला कळले, तेथे रजेची भांडणे निम्मी झाली असे समजावे.

आता शिल्लक रजेकडे येऊ. न घेतलेल्या रजेचे पुढे काय व्हावे, याविषयी कायद्याने तीन उत्तरे दिली आहेत आणि त्या उत्तरांत बरेच शहाणपण आहे. पहिले, किरकोळ रजा वर्षअखेर संपते; २०१७ च्या अधिनियमानुसार ती वर्षाला आठ दिवस असते आणि न घेतल्यास बुडते. ती अडीनडीसाठी आहे, साठवणीसाठी नाही. दुसरे, हक्काची वार्षिक रजा साठवता येते, पण मर्यादेपर्यंतच : कारखान्यात तीस दिवस, दुकाने व आस्थापनांत पंचेचाळीस, शासकीय सेवेत तीनशे. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. कारखान्यातील कामगाराने रीतसर अर्ज केला आणि ती रजा नाकारली गेली, तर ती नाकारलेली रजा मर्यादेविना पुढे चालते. ज्याने मागितलीच नाही आणि ज्याला मागूनही मिळाली नाही, या दोघांना कायदा एका मापाने मोजत नाही. निष्काळजीपणाची किंमत ज्याची त्याने मोजावी; नकाराची किंमत नकार देणाऱ्याच्या खात्यावर राहावी. हे तत्त्व कारखान्याबाहेरच्या जीवनातही किती ठिकाणी लावता येईल!

साठवणीचा विचार करताना मला निर्गमाच्या पुस्तकातील मान्नाची कथा नेहमी आठवते. रानात भुकेलेल्या लोकांना परमेश्वराने रोजचे अन्न दिले आणि ज्याला जितके लागेल तितकेच गोळा करायला सांगितले. काहींनी उद्याची तरतूद म्हणून ते राखून ठेवले, तेव्हा सकाळपर्यंत त्यात किडे पडले. मात्र सहाव्या दिवशी लोकांनी दुप्पट गोळा केले आणि ते सातव्या दिवशीही चांगले राहिले, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. एकच अन्न, एकच भांडे. भीतीपोटी साठवले ते नासले आणि विसाव्यासाठी साठवले ते टिकले. साठवणे हे स्वतः पाप नाही. आपण ते कशासाठी साठवतो, यावर त्याचे नासणे वा टिकणे अवलंबून असते.

रजेचेही असेच आहे. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला जाता यावे, लावणीच्या दिवसांत गावी आईबापांना हातभार लावता यावा, आजारातून उठलेल्या पत्नीला महिनाभर सोबत करता यावी म्हणून ज्याने रजा राखली, त्याची शिल्लक टिकाऊ. पण ‘मी नसलो तर कचेरी बंद पडेल’ या समजुतीने रजा न घेणारे गृहस्थही आपण पाहिले आहेत. वीस वर्षांत एक दिवसही रजा घेतली नाही, असे ते अभिमानाने सांगतात आणि सभेत त्यांचा सत्कारही होतो. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. तथापि ज्याच्याविना काम चालत नाही असा माणूस होणे हा सद्गुण आहे, की हाताखालच्यांना काम न शिकवल्याचा तो परिणाम आहे? रजेवर जाणाऱ्याला आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. सोपवण्यासाठी विश्वास लागतो, आणि आपण गेल्यावरही जग चालते हे सत्य पचवावे लागते. एका अर्थी प्रत्येक रजा ही अखेरच्या निरोपाची छोटीशी तालीमच असते. तिला घाबरणारे थोडे नाहीत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ‘तुम्ही तत्त्वज्ञान सांगता, आम्हाला पैशांची गरज आहे. साठवलेली रजा म्हणजे आमच्या म्हातारपणाची पुंजी.’ शासकीय कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचे रोख पैसे मिळतात. खाजगी क्षेत्रात अशा रकमेवरील करमाफीची मर्यादा २०२३ मध्ये तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली गेली. या पैशांतून किती घरांची छपरे झाली, किती मुलांची शिक्षणे पार पडली! ज्याने घरासाठी आपला विसावा विकला त्याला आपण उपदेश करू नये. त्याचा तो त्यागच आहे.

परंतु त्याग करणाऱ्याचा गौरव करताना, त्याला तो का करावा लागला हे विचारायला विसरू नये. विसाव्याचे पैसे होऊ शकतात असे एकदा ठरले की गरजवंत ते करणारच. आणि मग रजा उरते ती ज्याला पैशांची निकड नाही त्याच्यासाठी. श्रीमंत विश्रांती घेईल आणि गरीब ती विकेल. ज्या हक्कासाठी लोखंड्यांच्या पिढीने सभा भरवल्या, तो मागच्या दाराने पुन्हा मजुरीत विरून जाईल. पगार पुरेसा असेल तर कोणी आपला रविवार विकणार नाही. तेव्हा रजा विकणाऱ्याच्या हातातील नोटा पाहून समाधान मानण्यापूर्वी मालकाने, आणि समाजानेही, त्याच्या पगाराकडे एकवार पाहावे. शिवाय त्या तीनशे दिवसांत आणखी कोणाचा तरी वाटा होता. मुलाच्या शाळेतील स्नेहसंमेलनाला न आलेला बाप, पत्नीबरोबर दवाखान्यात न गेलेला नवरा. त्यांचे दिवस त्यांना न विचारता विकले गेले. निवृत्तीनंतर पैसे येतात. मूल मात्र तोवर मोठे होऊन गेलेले असते.

आणि आता सर्वांत अवघड बाजू. माझी रजा दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर उभी असते. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत. रोज सकाळी ते दरवाजाशी उभे राहत. आत कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्या जागेवर त्या दिवसापुरते काम मिळे; नसेल तर हात हलवत परत. कायम कामगाराची रजा म्हणजे बदलीवाल्याची त्या दिवसाची भाकरी. एकाच्या विसाव्याने दुसऱ्याची चूल पेटते, हे ऐकायला बरे वाटते. पण त्या दुसऱ्याला स्वतःचा विसावा कधी मिळे? जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपातील मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत, पण बदलीवाला गेला नाही. तो आज कंत्राटी नावाने आपल्या कचेरीत, इस्पितळात, इमारतीच्या फाटकावर उभा आहे. त्याचे दिवस भरत आले की त्याला ‘ब्रेक’ दिला जातो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. रजेचे वर्ष कधी सुरू होते, या प्रश्नाचे त्याच्यापुरते उत्तर असे : ते सुरू होते, पण त्याला संपू दिले जात नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईची रजा किती, ती कधी घ्यायची, पगार कापायचा की नाही, हे आजही ज्या त्या घराच्या मर्जीवर चालते. आपल्या शिल्लक रजेचा अर्धा दिवस कमी लागला तर आपण कार्यालयाला पत्र लिहितो. तिने मात्र दोन दिवस न सांगता दांडी मारली, तर आपण चारचौघांत तिचे गाऱ्हाणे गातो. तिने सांगून मागितली तरी पहिला प्रश्न असतो, ‘मग माझे कसे होणार?’ साहेबांनी हाच प्रश्न आपल्याला विचारलेला आवडत नाही.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा सांगितली आहे. निर्गमात या आज्ञेचे कारण सृष्टीच्या निर्मितीनंतर देवाने घेतलेला विसावा असे दिले आहे. येथे मात्र कारण बदलते. तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून हा दिवस पाळायचा, आणि आपणही कधीकाळी मिसर देशात गुलाम होतो याची आठवण ठेवायची. विसाव्याची ही कसोटी विलक्षण आहे. मी किती विसावलो याने ती सुरूच होत नाही. माझ्या घरात, माझ्या हाताखाली जो सर्वांत शेवटी आहे तो विसावला काय, हे ती विचारते.

या कसोटीवर आरंभीचा प्रश्न घासून पाहावा. शिल्लक रजेचा धनी कोण? मालक नव्हे, कारण ती कष्टाने कमावलेली आहे. तिच्यावर पहिला अधिकार कामगाराचाच, आणि तो कोणी हिरावून घेऊ लागला तर त्याने ठामपणे उभे राहावे. पण ती घेताना तिचा वापर मनमानेल तसा करावा, इतकी ती त्याची एकट्याचीही नाही. घरच्यांचा तिच्यावर हक्क आहे, कारण त्या दिवसांत ते त्याची वाट पाहत होते. सहकाऱ्याचा हक्क आहे, कारण त्याची रिकामी खुर्ची तो सांभाळणार आहे. आणि ज्याच्या नावे असे खातेच उघडलेले नाही त्याचाही हक्क आहे, कारण त्याच्या अखंड राबण्यावर इतरांच्या रजा उभ्या आहेत. रजा या शब्दातील जुना अर्थ येथे नव्याने कामी येतो. साहेबाच्या मर्जीचे दिवस गेले, ते जावोत. एकमेकांच्या संमतीचे दिवस यायला हवेत.

यासाठी फार मोठी उलाढाल करावी लागणार नाही. रजेचे वर्ष सुरू होताच प्रत्येकाने आपल्याला कोणते दिवस जिव्हाळ्याचे आहेत ते एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. म्हणजे गणपतीत मी तुझे काम पाहीन, नाताळात तू माझे पाहा, असा करार डिसेंबरची वाट न पाहता होईल. ज्याला मागच्या वर्षी सणाच्या दिवशी कामावर राहावे लागले, त्याला यंदा पहिली निवड मिळावी. ज्याची रजा बुडण्याच्या बेतात आहे त्याला कचेरीने तीन महिने आधी सांगावे. वर्ष संपल्यावर सांगणे हा हिशेब झाला, न्याय नव्हे. मागूनही नाकारलेल्या रजेची नोंद नाकारणाऱ्याच्या सहीने व्हावी. कंत्राटी कामगाराचे दिवस तोडण्याच्या कागदावर सही करण्याची वेळ आपल्यावर आली, तर निदान एकदा तरी ‘का?’ असे विचारावे. आणि घरातील कॅलेंडरवर, दुधाच्या खाडाखोडीशेजारी, कामवाल्या बाईच्या भरपगारी रजेचे दिवस लिहावेत. किती, ते तिच्याशी बोलून ठरवावे, आणि त्यांतले पहिले दोन तिच्या सणाचे असावेत.

कायद्याने बारा-पंधरा दिवस दिले. ते कोणी कोणासाठी आणि कोणाच्या सोबतीने घालवायचे, हे कायदा सांगू शकत नाही. ते ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे आहे. आणि जेथे स्वातंत्र्य आहे तेथे जबाबदारीही आलीच.